वहिनींचें यंत्र आणि पेटंटाचा कायदा

अष्टागरांतील वैशाख महिना ज्यांनीं पाहिला आहे, त्यांना रातांब्यांचे दिवस म्हणजे काय हें निराळें सांगावयास नको. चौल-रेवदंड्यापासून नागांव, आक्षी, थळ, किहीमपर्यंत समुद्राच्या कडेनें जी नारळी-पोफळींची हिरवी पट्टी गेली आहे, तींतील कित्येक घरांच्या ओट्यांवर या दिवसांत लालभडक फळांचे ढीग पडलेले दिसतात. पावसाची पहिली सर येण्यापूर्वी फळ फोडावयाचें, बी व गर निराळा काढावयाचा आणि सालींना त्याच रसाचीं पुटें देत देत तीं वाळवावयाचीं, असा हा घाईचा उद्योग असतो. घरांतील बायकांचे हात आठवडा-पंधरवडा त्या आंबट रसांत बुडालेले असतात. बोटांना चिरा पडतात, आणि नखांवरचा तांबडा रंग ज्येष्ठ सरला तरी उतरत नाहीं.

प्रस्तुत लेखकाच्या आजोळीं, याच पट्टींतील एका गांवीं, आमच्या मामेभावाच्या पत्नीनें या त्रासावर एक तोड काढली. वहिनींचें शालेय शिक्षण बेताचें. परंतु हाताला निगुती व डोक्याला विचार करण्याची संवय. त्यांनीं गांवच्या सुताराकडून व लोहाराकडून एक लहानसें यंत्र करवून घेतलें. फळ एका खांचेंत ठेवावयाचें व दांडा दाबावयाचा. पातें फळाची साल कापतें, पण बियांपर्यंत पोंचत नाहीं, कारण फळाच्या आकाराप्रमाणें पातें वर-खालीं होईल अशी एक स्प्रिंग तेथें बसविलेली. मग एक बोथट पळी फिरते, गर व बिया खालच्या पातेल्यांत पडतात आणि सालीच्या दोन वाट्या बाजूच्या सुपांत येतात. त्या वर्षीं घरांतील कोणाच्याही बोटांना चिरा पडल्या नाहींत.

पुढें जें घडलें तें सांगण्यासाठींच हा लेख लिहावयास घेतला. घरांतील एक पुतण्या इंजिनियरिंग शिकत होता. त्यानें यंत्राची सुबक आकृति काढली. जवळच एक स्थानिक प्रदर्शन भरलें होतें, तेथें यंत्र मांडलें; प्रत्येक भागाचें माप देऊन सविस्तर पत्रक छापलें व तें येणाऱ्याजाणाऱ्यांस वाटलें. पत्रकावर शोधक म्हणून पुतण्याचें नांव होतें. आकृति त्यानें काढली, तेव्हां नांव त्याचें, यांत कोणाला कांहींच वावगें वाटलें नाहीं. बक्षीस मिळालें, टाळ्या झाल्या. दोन वर्षांनीं तेंच यंत्र, पोलादी सांगाड्यांत, दूरच्या एका शहरांतील दुकानीं विक्रीस आलेलें दिसलें. तेव्हां आम्ही जागे झालों व मुंबईच्या एका जाणत्या सल्लागाराकडे गेलों. त्यांनीं सारें शांतपणें ऐकून एकच प्रश्न विचारला : "पत्रक वाटल्याची तारीख कोणती? आणि त्यापूर्वी अर्ज केला होता काय?" अर्ज केलेला नव्हता. येथेंच आमचें प्रकरण संपलें.

वहिनी एवढेंच म्हणाल्या, "भावोजी, पैसा गेला याचें मला फारसें वाटत नाहीं. पण कागदावर माझें नांव नव्हतें, आणि आतां यंत्रावर दुकानदाराचें आहे."

हें वाक्य मनांतून जाईना. आपल्या सुशिक्षित घरांतून मृत्युपत्र, वाटणी, विमा यांविषयीं चार माहितीच्या गोष्टी सांगणारें कोणी ना कोणी असतें. परंतु स्वतःच्या बुद्धीनें निर्माण केलेल्या वस्तूवर आपला हक्क कसा स्थापावा, हें सांगणारें माणूस विरळा. म्हणून या विषयाची जी माहिती आम्हीं उशिरानें मिळविली, ती वाचकांपुढें क्रमानें मांडीत आहों.

पेटंट म्हणजे काय?

पेटंट, ज्याला सरकारी परिभाषेंत एकस्व म्हणतात, हा शोधक व समाज यांच्यामधील एक करार आहे. शोधकानें आपलें गुपित लपवून न ठेवतां तें कागदावर संपूर्णपणें उघड करावयाचें. त्याच्या मोबदल्यांत सरकार त्याला अर्जाच्या तारखेपासून २० वर्षें असा हक्क देतें कीं, त्याच्या संमतीवांचून ती वस्तु दुसऱ्या कोणीं बनवूं नये, वापरूं नये, विकूं नये किंवा परदेशांतून आणूं नये. मुदत संपली कीं तो शोध सर्वांचा होतो. ज्या विद्या गुरूनें शिष्याला अखेरच्या घटकेपर्यंत सांगितल्या नाहींत व म्हणून गुरूबरोबरच नष्ट झाल्या, अशा विद्यांच्या कथा आपल्याकडे थोड्या नाहींत. पेटंटाच्या मुळाशीं जो विचार आहे, तो या गुप्ततेवरचाच उतारा होय.

आपल्या देशांत ही पद्धति १८५६ सालीं कायद्यानें सुरू झाली. त्या वर्षींच्या मार्च महिन्यांत कलकत्त्याचे जॉर्ज आल्फ्रेड डि पेनिंग नांवाचे सिव्हिल इंजिनियर यांनीं या देशांतील पहिला अर्ज केला. तो कशासाठीं असेल? पंखा ओढण्याच्या यंत्रासाठीं! उकाड्यानें त्रस्त झालेल्या माणसाला सुचलेली ही युक्ति, आणि आंबट रसानें हात फाटलेल्या गृहिणीला सुचलेली युक्ति, यांची जात एकच आहे. तो पहिला कायदा ब्रिटिश राजसत्तेची पूर्वसंमति न घेतां केला म्हणून १८५७ सालीं रद्द झाला व १८५९ सालीं नव्यानें करण्यांत आला. पुढें १९११ चा कायदा पुष्कळ वर्षें चालला. स्वतंत्र भारतानें १९७० सालीं आपला कायदा केला व तो २० एप्रिल १९७२ पासून अंमलांत आला. त्या कायद्यानें औषधें व अन्नपदार्थ यांच्या बाबतींत वस्तूला नव्हे, तर ती बनविण्याच्या कृतीलाच पेटंट देण्याचें धोरण ठेवलें होतें. १ जानेवारी २००५ पासून वस्तूलाही तें मिळूं लागलें. मूळ कायदा तोच असून, तपशिलाचे नियम २००३ सालचे आहेत व त्यांत वेळोवेळीं, विशेषतः मार्च २०२४ मध्यें, महत्त्वाच्या दुरुस्त्या झाल्या आहेत.

पेटंट कशाला मिळतें व कशाला नाहीं?

शोधाला तीन कसोट्यांस उतरावें लागतें. पहिली, तो नवा असला पाहिजे. म्हणजे अर्जाच्या तारखेपूर्वी जगांत कोठेंही तो छापला गेलेला किंवा लोकांच्या नजरेस व वापरांत आलेला नसावा. दुसरी, त्यांत कल्पकतेचें एक पाऊल असावें. त्या धंद्यांतल्या जाणत्या माणसाला जी गोष्ट सहज सुचली असती, ती शोध नव्हे. तिसरी, तो उद्योगांत उपयोगी पडण्याजोगा असावा.

आमचें प्रकरण पहिल्याच कसोटीवर अडलें. आमचा नवेपणा दुसऱ्या कोणीं चोरला नाहीं. पत्रक वाटून तो आम्हींच दवडला. कायद्यांत याला थोडे अपवाद आहेत. केंद्र सरकारनें जाहीर केलेल्या प्रदर्शनांत वस्तु मांडली, किंवा विद्वत्सभेपुढें निबंध वाचला, तर त्यानंतर बारा महिन्यांच्या आंत अर्ज करतां येतो. परंतु गांवोगांवच्या जत्रा, महोत्सव व शाळा-महाविद्यालयांचीं प्रदर्शनें या अपवादांत आपोआप बसत नाहींत. म्हणून सोन्याच्या अक्षरांनीं लिहून ठेवावा असा नियम हाच कीं, आधीं अर्ज, मग प्रदर्शन. नियतकालिकांतील लेख, मोबाईलवर पाठविलेलें चलच्चित्र, पाहुण्यांसमोर केलेलें प्रात्यक्षिक, हीं सारीं अर्जानंतर.

त्यांतल्या त्यांत एक समाधान असें कीं, आमच्या यंत्राचें पेटंट आतां त्या दुकानदारालाही मिळावयाचें नाहीं. कारण आमचें पत्रक त्याच्याही आड येतें. वहिनींनीं यंत्र बनवूं नये असें म्हणण्याचा अधिकार त्यामुळें कोणालाच उरला नाहीं.

कायद्याचें तिसरें कलम काय काय वगळतें, तें कोंकणांतील घरांच्या दृष्टीनें पाहण्यासारखें आहे. शेती व बागाईत करण्याच्या पद्धतींना पेटंट मिळत नाहीं. तेव्हां पोफळींत मिरवेल चढविण्याची नवी रीत कितीही उत्तम असली, तरी ती येथें बसत नाहीं. मात्र पोफळीवर चढण्याचें साधन किंवा सुपारी सोलण्याचें यंत्र बसूं शकतें. वनस्पति, प्राणी व त्यांच्या जाति यांनाही पेटंट नाहीं. नव्या कलमांसाठीं व वाणांसाठीं २००१ चा वाण-संरक्षण व शेतकरी-हक्क कायदा निराळा आहे. रोग्यावर उपचार करण्याची पद्धति, गणिताची रीत, नुसता संगणकाचा कार्यक्रम, व्यापाराची युक्ति हीं वगळलेलीं आहेत. दोन पदार्थ एकत्र केले व त्यांचे गुण केवळ बेरजेनें मिळाले, तर तें मिश्रणही पेटंटास पात्र होत नाहीं. आणि जें ज्ञान परंपरेनें चालत आलें आहे, तें तर मुळींच नाहीं. आजीबाईच्या बटव्यांतील काढा आपल्या नांवावर करून घेण्याचा मोह कोणाला होत असेल, तर तो त्यानें वेळींच आवरावा.

हळदीचा धडा

या शेवटच्या गोष्टीचें महत्त्व हळदीच्या प्रकरणानें साऱ्या जगाला पटविलें. मार्च १९९५ मध्यें अमेरिकेच्या पेटंट कचेरीनें मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रांतील दोन संशोधकांच्या अर्जावरून जखम बरी करण्यासाठीं हळदीचा उपयोग या गोष्टीला पेटंट दिलें. बोट कापलें कीं हळद चेपावी, हें ज्या देशांत पोराटोरांना ठाऊक, त्या देशाला ही बातमी ऐकून हसावें कीं रडावें हें समजेना. परंतु नुसत्या संतापानें पेटंट रद्द होत नाहीं. त्याला पुरावा लागतो, आणि तोही लेखी लागतो. त्या वेळीं वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेचे महासंचालक डॉ. रघुनाथ माशेलकर होते. गोव्यांतील माशेल गांवीं जन्मलेल्या या मराठी शास्त्रज्ञाच्या नेतृत्वाखालीं परिषदेनें १९९६ सालीं फेरतपासणीची मागणी केली, बत्तीस लेखी आधार गोळा करून पुढें ठेवले, आणि १९९७ सालीं अमेरिकेच्या कचेरीनें तें पेटंट अग्राह्य ठरविलें. पुढें अशा ज्ञानाची सूचि जगांतील परीक्षकांना पाहतां यावी म्हणून पारंपरिक ज्ञानाचें डिजिटल ग्रंथालय उभारण्यांत आलें.

यावरून घरोघरीं घ्यावयाचा बोध सरळ आहे. तोंडीं माहिती कितीही खरी असली, तरी कचेरींत ती मुकी असते. जें ठाऊक आहे तें लिहावें, आणि लिहिलेल्यावर तारीख घालावी.

अलिबागचा पांढरा कांदा

येथें एक शंका पुष्कळांना येते : "अलिबागच्या पांढऱ्या कांद्याला पेटंट मिळालें ना?" नाहीं. त्याला मिळालें तें भौगोलिक मानांकन, व तो हक्क अगदीं निराळा आहे. भाताचें पीक निघाल्यावर कार्ले, खंडाळे वगैरे गांवांच्या जमिनींत होणारा हा सौम्य व गोडसर कांदा, त्याच्या वेण्या विणून रस्त्याच्या कडेला टांगलेल्या आपण पाहतों. याला २०२२ सालीं मानांकन लाभलें. त्या कामीं १८८३ सालच्या कुलाबा जिल्ह्याच्या गॅझेटियरमधील उल्लेखाचा आधार उपयोगी पडला. शंभरांहून अधिक वर्षांपूर्वी कोणा अधिकाऱ्यानें केलेली नोंद आजच्या शेतकऱ्याच्या हातीं पुरावा म्हणून आली, हें ध्यानांत धरण्यासारखें आहे.

पेटंट नव्या वस्तूला मिळतें. मानांकन जुन्या लौकिकाला मिळतें. पेटंटाचा मालक एक शोधक किंवा त्याचे सहकारी. मानांकनाचा लाभ त्या प्रदेशांतील सर्व उत्पादकांचा. पेटंट २० वर्षांनीं संपतें. मानांकन दर १० वर्षांनीं नवें करीत राहतां येतें. याशिवाय वस्तूच्या केवळ रूपाकाराला २००० च्या कायद्याखालीं १० व पुढें आणखी ५ वर्षें संरक्षण मिळतें, आणि नांव व खूण यांना व्यापारचिन्हाचें. कोणत्या दाराशीं जावयाचें हें आधीं ठरवावें. नाहीं तर सारा खटाटोप व्यर्थ जातो.

अर्जाची रीत

महाराष्ट्रांतील अर्जदारांसाठीं पेटंट कचेरी मुंबईस अँटॉप हिल येथील बौद्धिक संपदा भवनांत आहे. रेवसची लाँच किंवा मांडव्याची बोट पकडून तेथें जाण्याची मात्र आतां आवश्यकता नाहीं; अर्ज घरीं बसून संगणकावरून करतां येतो, व त्याची फीही कागदी अर्जाहून सुमारें एक-दशांशानें कमी पडते. क्रम असा :

प्रथम शोध. कचेरीच्या संकेतस्थळावर जुने अर्ज व पेटंटें विनामूल्य पाहतां येतात. आपली कल्पना पूर्वीच कोणाला सुचली आहे काय, हें दोन-चार संध्याकाळ बसून पाहावें. घरांतील महाविद्यालयीन मुलांना हें काम उत्तम साधतें.

दुसरी पायरी तात्पुरत्या वर्णनपत्राची. शोध अजून पूर्णत्वास गेला नसला, तरी त्याचें मुख्य तत्त्व लिहून अर्ज दाखल करतां येतो. यानें आपली तारीख पक्की होते. यानंतर बारा महिन्यांच्या आंत संपूर्ण वर्णनपत्र द्यावेंच लागतें. न दिल्यास अर्ज सोडून दिला असें समजण्यांत येतें. अर्ज नमुना १ वर व वर्णनपत्र नमुना २ वर करावयाचें. व्यक्तीला संगणकावरून केलेल्या अर्जाची फी १,६०० रुपये आहे. हींत ३० पृष्ठें व १० दावे येतात, अधिकांस अधिक. तात्पुरत्यामागून येणाऱ्या संपूर्ण वर्णनपत्राला, तें या मर्यादेंत असेल तर, पुन्हा फी नाहीं.

तिसरी पायरी, म्हणजे संपूर्ण वर्णनपत्र, हा सर्वांत कठीण भाग. यांत शीर्षक पंधरा शब्दांच्या आंत, पूर्वी काय होतें व त्यांत काय उणें होतें, आपण काय केलें, आकृत्या, चालविण्याची उत्तमांत उत्तम रीत, दीडशें शब्दांच्या आंत सारांश, आणि दावे असावे लागतात. वर्णन इतकें स्पष्ट हवें कीं, त्या धंद्यांतल्या माणसानें तें वाचून वस्तु बनवावी. हातचें राखून लिहिणाऱ्याचें पेटंट पुढें त्याच कारणानें रद्द होऊं शकतें. दावे म्हणजे जमिनीच्या चतुःसीमा. आपला हक्क कोठून कोठपर्यंत, तें त्यांतील शब्दांवरून ठरतें. वहिनींच्या यंत्रांत "स्प्रिंग" असें लिहिलें असतें तर रबर वापरणारा सुटला असता. "फळाच्या आकाराप्रमाणें पातें आपोआप सरकविणारें साधन" असें लिहिलें असतें तर तोही कुंपणाच्या आंत आला असता. आणि कुंपण फार पुढें सरकविलें तर तें दुसऱ्याच्या किंवा सार्वजनिक जमिनींत शिरतें व परीक्षक तें मोडून काढतो.

कागदपत्रें इंग्रजींत किंवा हिंदींत लागतात. मराठींत तीं स्वीकारलीं जात नाहींत. आमच्या भाषेचा अभिमान कितीही असो, ही अडचण लपविण्यांत अर्थ नाहीं. ज्यांना शक्य असेल त्यांनीं सरकारी परीक्षा उत्तीर्ण झालेल्या पेटंट-एजंटाची मदत घ्यावी. तो नेमलाच पाहिजे असें बंधन नाहीं. पण दावे लिहिण्याचें काम हें खरेदीखत लिहिण्याहून नाजूक असतें.

चौथी पायरी प्रसिद्धीची. अठरा महिन्यांनीं अर्ज दर शुक्रवारीं निघणाऱ्या सरकारी पत्रांत प्रसिद्ध होतो. ज्याला घाई असेल त्यानें नमुना ९ भरून २,५०० रुपये भरल्यास प्रसिद्धि लवकर होते. प्रसिद्धीनंतर पेटंट मिळेपर्यंत कोणाही व्यक्तीला लेखी हरकत घेतां येते.

पांचवी पायरी परीक्षेची, आणि हिच्याच अज्ञानानें पुष्कळ अर्ज मरतात. अर्ज केला म्हणजे तो आपोआप तपासला जातो, अशी समजूत आहे, ती चुकीची. नमुना १८ वर निराळी मागणी करून व्यक्तीनें ४,००० रुपये भरावे लागतात. पूर्वी यास अठ्ठेचाळीस महिन्यांची मुदत होती. मार्च २०२४ नंतरच्या अर्जांना ती पहिल्या तारखेपासून एकतीस महिन्यांची आहे. मुदत टळली कीं अर्ज मागें घेतला असें गणतात. मागणी झाल्यावर परीक्षक आपल्या शंका लेखी कळवितो; त्यांचें उत्तर सहा महिन्यांत द्यावयाचें. या शंका पाहून पुष्कळजण खचतात. वास्तविक शंका न निघणें हेंच विरळा. तो नकार नव्हे, तो संवाद होय.

आमच्या वाचकभगिनींनीं येथें एक सवलत अवश्य ध्यानांत ठेवावी. २०१९ सालच्या दुरुस्तीपासून, अर्जदार व्यक्ति असून त्यांत एक तरी स्त्री असेल, तर नमुना १८-अ वर ८,००० रुपये भरून शीघ्र परीक्षेची मागणी करतां येते. वर्षांचें काम त्यामुळें पुष्कळ अलीकडे येतें.

एकत्र कुटुंबांत हक्क कोणाचा?

आतां आमच्या घरांतील खऱ्या जखमेकडे वळूं. कायद्याच्या दृष्टीनें अर्ज करण्याचा पहिला अधिकार खऱ्या व पहिल्या शोधकाचा. किंवा त्यानें लेखी हक्क दिला असेल त्याचा. किंवा तो निवर्तला असल्यास त्याच्या वारसाचा. घरचा कर्ता, लांकूड-लोखंडाचे पैसे देणारा, सुबक आकृति काढणारा, इंग्रजी जाणणारा, यांपैकीं कोणीही केवळ त्या कारणानें शोधक ठरत नाहीं. कल्पना जिला सुचली ती शोधक. आमच्या पुतण्याच्या मनांत कपट नव्हतें. पण कायद्याच्या भाषेंत त्याचें पत्रक असत्य होतें.

दोघांनीं मिळून शोध लावला असेल तर दोघांचीं नांवें घालावीं. मात्र संयुक्त मालकीचा परिणाम समजून असावें. निराळा करार नसेल तर प्रत्येकाचा हिस्सा सारखा व अविभक्त. प्रत्येकाला स्वतःसाठीं शोध वापरतां येतो, पण इतरांच्या संमतीवांचून तिऱ्हाइताला परवाना देतां येत नाहीं कीं आपला हिस्सा विकतां येत नाहीं. एका भावाच्या रुसव्यानें साऱ्या घराचा व्यवहार अडून बसतो, हा वडिलोपार्जित वाडीचा अनुभव येथेंही येऊं शकतो. म्हणून अर्जापूर्वीच, मनें गोड असतांना, चार ओळी लिहून सर्वांनीं सह्या कराव्या.

पेटंट मिळाल्यावर

पेटंट मिळालें म्हणजे लक्ष्मी दारीं आली, असें नव्हे. पहिल्या दोन वर्षांना कांहीं द्यावें लागत नाहीं. तिसऱ्या वर्षापासून तें जिवंत ठेवण्यास दरवर्षीं फी लागते. व्यक्तीला ती सहाव्या वर्षापर्यंत ८००, दहाव्यापर्यंत २,४००, पंधराव्यापर्यंत ४,८०० व विसाव्यापर्यंत ८,००० रुपये अशी चढत जाते. पुरीं २० वर्षें राखावयाचें तर एकूण ७६,८०० रुपये होतात. उत्पन्न नसेल तर पेटंट सोडून देण्यांतही शहाणपण असतें. पेटंट मिळाल्याचें प्रसिद्ध झाल्यापासून वर्षभर हितसंबंधी माणसाला विरोध करतां येतो. शोधाचा प्रत्यक्ष उपयोग होत आहे कीं नाहीं, याचें विवरण पूर्वी दरवर्षीं द्यावें लागे, तें २०२४ पासून तीन आर्थिक वर्षांतून एकदां द्यावयाचें असतें. कोणीं हक्क मोडला तर सरकार आपण होऊन धांवत येत नाहीं. मालकानेंच जिल्हा न्यायालयांत किंवा त्याहून वरच्या न्यायालयांत दाद मागावी लागते. शिवाय हा हक्क भारतापुरता. परदेशांत हवा असेल तर बारा महिन्यांच्या आंत तेथें, किंवा आंतरराष्ट्रीय करारान्वये, निराळा अर्ज हवा.

शोध व श्री यांचा सहवास किती दुर्लभ असतो, हें शंकर आबाजी भिसे यांच्या चरित्रावरून दिसतें. २९ एप्रिल १८६७ रोजीं मुंबईस जन्मलेल्या या गृहस्थांनीं दुकानांतील जिन्नस आपोआप तोलून देणाऱ्या यंत्राच्या कल्पनेनें लंडनमधील एका स्पर्धेंत यश मिळविलें. दादाभाई नौरोजींसारख्यांचा त्यांना पाठिंबा लाभला. छापखान्याचे खिळे झपाट्यानें ओतणारें त्यांचें "भिसोटाइप" यंत्र विशेष गाजलें. टाटांच्या भांडवलावर १९१० सालीं त्यांच्या शोधांसाठीं मंडळही निघालें. पण तें टिकलें नाहीं. भिसे पुढें अमेरिकेस गेले व ७ एप्रिल १९३५ रोजीं न्यूयॉर्क येथें निवर्तले. पेटंटें त्यांच्यापाशीं पुष्कळ होतीं. बुद्धीला कायद्याचें कुंपण मिळालें, तरी त्यांत पीक यावयास भांडवल व बाजारपेठ यांचें पाणी लागतेंच.

मग हा सारा उपद्व्याप करावा तरी कशाला? याचें उत्तर वहिनींच्या त्या वाक्यांत आहे. नफा होईल न होईल. परंतु पेटंटाच्या कागदावर शोधकाचें नांव असतें, आणि तें पुसण्याचा अधिकार कोणाला नसतो.

गेल्या वैशाखांत आम्ही पुन्हा आजोळीं गेलों होतों. ओटीवर रातांब्यांचा ढीग होता, पण यंत्राशेजारीं एक जाड वही दिसली. वाळत घातलेल्या सालींना रसाचें पुट सारखें बसावें म्हणून वहिनींनीं नवीन साधन योजलें आहे. वहीच्या प्रत्येक पानावर दिनांक, त्यांची सही, व पुतण्याची साक्षीदार म्हणून सही. या खेपेस आकृत्या त्यानेंच काढल्या आहेत, वर्णनपत्राचें इंग्रजीही त्याचेंच. पण शोधकाच्या रकान्यांत एकच नांव आहे, आणि तें त्यानें स्वतःच्या हातानें लिहिलें आहे. तात्पुरता अर्ज दाखल झाला आहे. पेटंट मिळेल कीं नाहीं, हें परीक्षकाच्या हातीं.

आम्हीं कुतूहलानें विचारलें, "वहिनी, तें साधन चालतें तरी कसें?"

त्या हंसून म्हणाल्या, "भावोजी, संपूर्ण वर्णनपत्र गेल्यावर सांगेन. तोंवर आमसुलाचें सार घ्या."